खाणीचा रंग

वामनरावांना स्वतःबद्दल बोलायचं असलं की ते आधी शर्टाची बाही वर करत. सावनेरकडच्या कोळसा खाणीत त्यांनी अख्खी नोकरी काढली होती, आणि हाताचा तो राखाडी-तपकिरी रंग म्हणजे जणू सरकारनं दिलेलं पदक. रिटायर होऊन हुडकेश्वरला घर बांधलं, तरी रंग उतरेना, उलट चढतच गेला. खरं म्हणजे खाणीत ते हजेरी घेत, पंख्याखाली बसून. कोळसा पाहिला तो खिडकीतून. त्यांच्या बायकोला, प्रयागबाईला, हे पक्कं ठाऊक होतं. ती बोलली नाही, कारण नवऱ्याच्या फुशारक्या मोडत बसलं तर स्वयंपाक कोण करणार.

पुढं थकवा आला, बोटांचे सांधे धरले. वामनरावांनी निदानही स्वतःच केलं, रक्त कमी झालं म्हणून. मग भाजी लोखंडाच्या कढईत, खिशात गूळ-शेंगदाणे, आणि दुकानातून आणलेलं लोहाचं टॉनिक, तेही चमच्यानं नाही, झाकण भरभरून. डॉक्टरांना काही कळत नाही, असं ज्याला काही कळत नाही तोच सांगत फिरायचा. शेवटी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा मुलगा सुशील त्यांना ओढूनच घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मोठ्या मशीनमध्ये घालून यकृत पाहिलं. रक्त कमी नव्हतंच. अंगात लोह इतकं साठलं होतं की यकृत कडक व्हायला लागलं होतं, आणि हातावरचा रंगही त्याचाच. आई आणि बाप, दोघांकडून आलेला दोष आहे, त्या म्हणाल्या, शरीराला खाण्यातलं जास्तीचं लोह नको म्हणता येत नाही. इलाज म्हणजे ठरल्या दिवशी पिशवीभर रक्त काढायचं, साठा उतरेपर्यंत, आणि मग अधूनमधून जन्मभर. टॉनिक बंद, दारू वर्ज्य. लग्न नात्यातलं का, असंही त्यांनी विचारलं. प्रयागबाई तर वामनरावांच्या मामाचीच पोरगी. मग मुलाला तपासाच, त्या म्हणाल्या, लवकर कळलं तर यकृताला धक्काही लागणार नाही. भावंडांना आणि त्यांच्या पोरांनाही तपासा.

घरी येताच वामनरावांनी सांगून टाकलं, सुशीलला तपासायचं नाही. आपल्या रक्तात खोट नाही, खाणीची धूळ पोटात गेली, बस. सुशील चाळिशीचा झाला, तोही हल्ली संध्याकाळी बोटं चोळत बसायचा, पण बापापुढं बोलायची त्याला सवयच नव्हती.

नकाराचं मूळ कुठं आहे ते प्रयागबाईला दिसत होतं. थोरले दीर गोपाळराव उमरेडला साड्यांच्या दुकानात, जन्मभर सावलीत, गादीवर. त्यांचाही रंग हाच, बोटांचं दुखणं हेच. पोट फुगून वारले. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. पण तेरवीच्या मांडवात, पंगत बसलेली असताना, वामनरावांनी जाहीर केलं की दादा लपून प्यायचा, लिव्हर काय उगाच जातं. तेव्हापासून वहिनी, कुसुमताई, वामनरावांच्या दारात आल्या नाहीत. आता खाणीत पाऊलही न टाकलेल्या सुशीलच्या अंगात लोह निघालं तर ते गोपाळरावांच्याही अंगात होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एवढ्यासाठी हा बाप पोराचं यकृत पणाला लावायला निघाला होता.

"मोठे भाऊजी तर कधी खाणीत गेले नाही," ती म्हणाली. "त्यायले कोणत्या कोळशानं रंगवलं?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले एवढं समजते का मी तुमच्या मामाची पोरगी आहो. म्हणजे अर्धी खोट माह्या बापाच्या घरची. मी सांगून राहिली, मंग तुमचीच जीभ काहून जड होते?"

ते टीव्हीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी तिनं सुशीलला स्वतः नेलं. लोह निघालं. यकृत मात्र अजून साफ होतं. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं ती खुर्चीवर टेकली.

मग दवाखान्यात बापलेक शेजारी शेजारी खुर्च्यांवर, दोघांच्याही दंडाला पट्टा. एवढं कसदार रक्त वाया घालवता, असं वामनराव नर्सला ऐकवत होते. प्रयागबाईनं तेवढ्यात कुसुमताईंना फोन लावला आणि नवऱ्याच्या मोकळ्या हातात दिला. दुसऱ्या हातात सुई होती, उठून जायची सोय नव्हती.

"वहिनी," ते पुटपुटले, "दादा पीत नव्हता. रक्तातलाच रोग होता. पोरायले तपासून घ्या."

पलीकडून कुसुमताईंचा आवाज सुशीललाही ऐकू आला.

"जरा जोरानं बोला, भाऊजी. तेरवीच्या दिवशी तर अख्ख्या मांडवाले ऐकू येत होतं."

वामनरावांनी नर्सकडे पाहिलं, मग मुलाकडे. सुशील पहिल्यांदाच बापाकडे सरळ बघत होता. ते पुन्हा बोलले, या वेळी असे की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावले.

"थांबा," कुसुमताई म्हणाल्या, "पोरायले बोलावते. त्यायच्यासमोर आणखी एकदा बोला."

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. प्रयागबाईनं रक्ताच्या पिशवीकडे पाहिलं. भरायला अजून बराच वेळ होता.