उणे एक तृतीयांश वेळा स्टेशनवर

तासिका तत्त्वावर गणित शिकवता शिकवता माझे केस पिकले, तेव्हा कुठं कॉलेजात कायम जागा निघाली. जागा एक, उमेदवार दोन: मी आणि माझ्याच स्टाफरूममधले, वयानं धाकटे एक सर. निवड समितीसमोर वर्गावर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा होता. विषय मीच निवडला: दोघांचा शून्य-बेरीज खेळ. एकाला जितका फायदा, तितकाच दुसऱ्याला तोटा.

पुस्तकातलं उदाहरण घेतलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मला कुठली खाज, कोण जाणे. येडशीचे दोन जीपवाले मी फळ्यावर आणले. रामलिंगला जाणारे प्रवासी पकडायला स्टेशनवर थांबायचं की फाट्यावर? पहिला दुसऱ्याचे किती प्रवासी ओढतो, ते आकडे मी मनानंच टाकले. पहिला स्टेशनवर असला तर, दुसरा स्टेशनवर की फाट्यावर त्याप्रमाणं, पाच किंवा तीन; फाट्यावर असला तर तसेच एक किंवा दोन.

"सर, मग पहिला स्टेशनवरच थांबंल की," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "दुसरा कुठंबी असू द्या, याला तिथंच जास्त मिळतंय."

बरोबर होतं तिचं. असं सरळ उत्तर, म्हणजे सॅडल पॉइंट, निघतो का हे आधी बघायचंच असतं. पण सरळ उत्तर निघालं तर उरलेली पंधरा मिनिटं मी काय भजन म्हणणार होतो? "घाई नको," म्हणून तिला बसवलं आणि माझं लाडकं सूत्र लावलं: कुणी कुठं किती वेळा थांबायचं ते काढणारं, पण सरळ उत्तर नसेल तेव्हाच चालणारं.

पहिल्याचं उत्तर झकास आलं: तीनांत एकदा स्टेशन, दोनदा फाटा. मी समितीकडं बघून हसलोसुद्धा. मग दुसऱ्याचं आलं. स्टेशनवर उणे एक तृतीयांश वेळा. फाट्यावर तीनांत चारदा.

समितीतले बाहेरगावचे प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "सर, उणे वेळा थांबायचं म्हणजे कसं?"

"म्हणजे… तो तिथं नसतो."

"नसला तर शून्य झालं की. हा त्याहून कमी थांबतोय."

"गाडी रिव्हर्समधी असंल," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

प्राध्यापकांनी त्याच मुलीला फळ्यावर बोलावलं. पहिला स्टेशनवर, दुसरा फाट्यावर, उत्तर तीन. दोन मिनिटं लागली तिला. मी डस्टर धरून उभा.

जागा धाकट्या सरांना मिळाली. महिनाभरानं तेच माझ्या टेबलाशी आले. "सर, ते जीपचं गणित द्या की. आकडे तेच राहू द्या. सॅडल पॉइंट आधी का बघायचा, ते दुसऱ्या कशानं पोरांना समजंनाच झालंय."

मी वही काढून दिली.

आता दरवर्षी नवी पोरं मला व्हरांड्यात गाठून, अगदी गंभीर तोंड करून विचारतात, "सर, तो दुसरा जीपवाला घरी पोचला का?"