पालथा क्रेट

चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. मी "थांबा" म्हणालो. मोठ्याने म्हणालो. कुणी थांबलं नाही. ठाण्यातलं ते एसी थिएटर, भरलेलं, आणि मी मधेच हवेत. विसर्जनाला नेतात तसा. एकाच्या हातात माझ्या पॅन्टची उजवी बाजू अडकली. घडी घालून लावलेली पिन तुटली, पॅन्ट वर गेली. गुडघ्याखाली जे उरलंय ते सगळ्यांनी बघितलं. आणि टाळ्या वाजवल्या. काहीजण तर उभे राहून.

सिनेमा माझ्यावर काढलेला. म्हणून बोलावलेलं, पुढे सुटी खुर्ची टाकून बसवलेलं. नाचगाणी नसलेला, बक्षिसं मिळवणारा सिनेमा. तो संपला आणि मला स्टेजवर न्यायचं ठरलं.

मला पायऱ्या चढता येतात. पायऱ्यांकडे पाठ करून बसायचं, हातांवर जोर द्यायचा, ढुंगण एकेक पायरी वर. कळव्याच्या डोंगरावरच्या चाळीत मी रोज असाच घरी जातो. हे मी डायरेक्टरला आधीच सांगितलेलं. तो म्हणाला, "काका, ते बरं नाही दिसणार. मुलं आहेत ना, उचलतील."

उचलतील! मानपाड्याच्या बाजूला एका कंपनीत माझा पाय मशीनमध्ये गेला, तेव्हाही मला उचलूनच टेम्पोत टाकलेलं. तेव्हा ठीक होतं, शुद्ध नव्हती. पण नंतरही लोक उचलतच राहिले. रस्ता ओलांडायचा नसताना ओलांडून दिला. देवळाच्या पायरीशी जरा टेकलो तर बखोटीला धरून आत नेलं. हमालसुद्धा सामान उचलताना विचारतो, कुठे ठेवू. मला कुणी विचारलं नाही.

एकीने सोडून. चांगुणा. खाडीकडची कोळीण.

कळव्याच्या मार्केटात मी छत्र्या आणि बॅगांच्या चेनी दुरुस्त करतो. शेजारी तिची मासळी. मी मासळी खात नाही. तिच्या बर्फाचं पाणी माझ्या बुडाखाली यायचं. सुरुवात शिव्यांनी झाली. ती मला लंगड्या म्हणायची, मी तिला काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

एकदा त्याच पाण्यावरून माझी कुबडी सटकली. मी आडवा. माणसं धावली. ही कोयता घेऊन उठली.

"कोन हात लावू नका त्याला! तो बोलला काय, उचला म्हनून?"

मग मासळीचा रिकामा क्रेट माझ्यापुढे पालथा घातला, सरकू नये म्हणून त्यावर पाय ठेवला, आणि दुसरीकडे तोंड करून गिऱ्हाईकाला पापलेटचा भाव सांगायला लागली.

मी क्रेट धरला. आधी क्रेटवर बसलो, मग कुबडीवर उभा झालो. पडल्यानंतर पहिल्यांदा माझी मान खाली नव्हती.

तेव्हापासून असंच चाललंय. मी पडतो, ती क्रेट पालथा घालते. आभार नाहीत. शिव्या चालू आहेत.

डायरेक्टर डोंबिवलीचा. शिकलेला, गोड बोलणारा. आमच्यात येऊन बसायचा, चहा प्यायचा. हा क्रेट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. "काय मैत्री आहे काका!" म्हणाला. म्हणून मी सिनेमाला हो म्हटलं.

आणि सिनेमात काय? माझ्या जागी दोन पायांचा नट, एक पाय मागे दुमडलेला. चांगुणा नाहीच. तिच्या जागी टॉवरमधली एक गोरी मुलगी. म्हातारा पडतो. मुलगी धावत येते, त्याला कवेत घेऊन उचलते, रडते. तोही रडतो. घास भरवते त्याला. माझे हात शाबूत आहेत!

चांगुणा शेजारी बसलेली. कानात म्हणाली, "ही कोन रं?"

"तू."

"मी? येवढी बारीक? नि ही रडते कशाला? मासली सडली काय हिची?"

मी हसलो नाही. मध्यंतरात डायरेक्टरला गाठून विचारलं, "क्रेट कुठे गेला?"

तो म्हणाला, "काका, ते लोकांना क्रूर वाटलं असतं."

सिनेमा संपल्यावर त्यांनी मला उचललं.

स्टेजवर माइक तोंडापुढे धरला. "दोन शब्द बोला काका. कसं वाटतंय?" समोर माणसं रुमाल घेऊन बसलेली. माझ्या हातात शाल कोंबलेली. मी आधी पॅन्ट खाली ओढली. मग बोललो.

"मी थांबा म्हणालो, ते कुणाला ऐकू गेलं नाही का? हा म्हातारा मी नाही. मला कुणी कवेत घेतलेलं नाही. माझी दोस्त तिथे बसलीय, तिला तुम्ही कापून टाकलंत. ही शाल त्या नटाला द्या, त्याला पाय दुमडून बसायचा त्रास झालाय."

चौघे पुन्हा धावले. खालून चांगुणा ओरडली, "हात नका लावू!" चौघे तिथेच थबकले. मी मांडीवरची कुबडी बाजूने खाली सोडली आणि बसून उतरलो. ढुंगणावर. एकेक पायरी. सगळ्यांसमोर. घाई केली नाही. आता टाळ्या नव्हत्या. बरेचजण दुसरीकडे बघायला लागलेले. उचललेला बघवत होता, उतरणारा बघवेना.

खाली पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट ठेवलेला. चांगुणाने तो उपडा केला. बाटल्या पार खुर्च्यांखाली गडगडल्या. क्रेट माझ्यापुढे पालथा पडला, त्यावर तिचा पाय.

"ऊठ लंगड्या. घरी चुलीवर कालवन हाय माझं."

मी उठलो. आम्ही बाहेर पडलो.

परवा डायरेक्टर मार्केटात आला. सिनेमा अजून पुढे कुठे लागणार म्हणे, मी यायला हवं. माझा गैरसमज झालाय म्हणाला. आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो हात काढून त्याच्याजवळ परत दिला. सांगितलं, सिनेमातून माझं नाव काढ. गैरसमज तुझा झालाय. तुला वाटलं मला आधार पाहिजे. मला वाट पाहिजे, बाजूला हो.

मी अजून पडणार. वय झालंय, फरशी ओली असते. पण न विचारता माझ्या अंगाला जो हात लागेल, तो मी चावणार आहे. दात आहेत अजून.