चिंचेच्या पाण्यातला रेग्युलेटर

आमच्या घरी खंडेनवमीला देवघरासमोर पाट मांडतात आणि घरातली सगळी हत्यारं त्यावर ठेवतात. विळा, खुरपी, ऊस तोडायचा कोयता, वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, फवारणीचा पंप, आणि मी कॉलेजसाठी बेळगावला राहायला लागल्यापासून माझा लॅपटॉप. सगळ्यात कडेला असतो अण्णाचा रेग्युलेटर. बाकीच्या वस्तू वर्षभर वापरात असतात. रेग्युलेटर मात्र फक्त त्या दिवशी कपाटातून खाली उतरतो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. निपाणीजवळच्या आमच्या गावात समुद्र कुणाच्या बोलण्यातही येत नाही. पोहायला शिकायचं ते विहिरीत, पाठीला रिकामा कॅन बांधून. अण्णा विहिरीत इतका वेळ बुडून राहायचा की काठावरची पोरं घाबरायची. बारावीनंतर तो गोव्याला एका हॉटेलात कामाला गेला. तिथून डायव्हिंगवाल्यांच्या बोटीवर टाक्या उचलायला लागला आणि हळूहळू स्वतः खाली जायला शिकला. पावसाळ्यात समुद्र बंद असला की तो घरी यायचा.

एका वर्षी येताना त्यानं रेग्युलेटर आणला. एका म्हाताऱ्या परदेशी डायव्हरनं वयामुळं पाण्यात जाणं सोडलं आणि जाताना आपला रेग्युलेटर अण्णाला दिला. पाठीवरच्या टाकीत हवा फार दाबानं भरलेली असते. ती श्वास घेता येईल इतकी मऊ करून तोंडापर्यंत आणायची, हे याचं काम. शेजारच्या काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "गॅसचा रेग्युलेटर घिऊन समुद्रात च्या करतूस व्हय रं?" अण्णाही हसला. मग त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. हा टायटॅनियमचा आहे, पितळेपेक्षा हलका आहे. खारं पाणी लोखंड खातं, पितळेवरचा मुलामा खातं, याला मात्र ते काही करू शकत नाही. तरी समुद्रातून आलं की गोड्या पाण्यात धुवायचाच, कारण मीठ कुठंही बसतं. अगदी थंड पाण्यात साधा रेग्युलेटर आतून गोठतो आणि हवा भसाभसा सुटते. तिथं नुसता चांगला धातू पुरत नाही. याच्या आत पाणी शिरू नये म्हणून वेगळा पडदा आहे, त्यामुळं हा गोठत नाही.

आई चुलीपुढं बसून ऐकत होती. ती शाळेत गेलेली नाही, पण अण्णा काही सांगायला लागला की हातातलं काम थांबवायची. मीठ वाईट आणि गारठा वाईट, एवढं तिनं मनात पक्कं धरलं.

त्या दसऱ्याला अण्णा फार खुशीत होता. उत्तरेकडं डोंगरात एका धरणाचे दरवाजे पाण्याखालून तपासायचं काम त्याच्या मालकाला मिळालं होतं. पाणी बर्फासारखं. मालकानं सांगितलं होतं की ज्याच्याकडं थंड पाण्याचा स्वतःचा रेग्युलेटर आहे त्यालाच नेणार, साध्यावर कुणाचा जीव धोक्यात घालणार नाही. तिथं काम केलं की अण्णा टुरिस्टांना मासे दाखवणारा पोऱ्या राहणार नव्हता, कामाचा डायव्हर होणार होता. दसऱ्यादिवशी सोनं वाटून झालं की तो निघणार होता. सीमोल्लंघन म्हणजे हे खरं, असं आप्पा चारचौघांत म्हणाले होते.

मी खंडेनवमीला दुपारी बेळगावहून बसनं घरी पोचले. अण्णा निपाणीला गरम कपडे घ्यायला गेला होता. पूजेची तयारी झाली होती. पाटावरचा रेग्युलेटर असा लखलखत होता की मी आधी त्याच्याकडंच पाहिलं. त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. रबरी नळ्यांना खोबरेल तेल लावलेलं होतं. आईनं माझा लॅपटॉप मागून घेतला आणि झाकणावर कुंकवाचं अगदी लहान बोट लावलं. लॅपटॉपला पाणी लागू द्यायचं नाही, हे मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि ती ते कधी विसरली नाही.

अण्णा संध्याकाळी आला. पाया पडायला वाकला आणि तसाच थांबला. त्यानं रेग्युलेटर उचलून नाकाजवळ नेला. टाकीला जोडायच्या तोंडावर एक छोटं टोपण असतं, ते काढून शेजारी फुलांत ठेवलं होतं. त्या तोंडात कुंकू ओलं होऊन बसलं होतं.

"धुतलास व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. "टोपण काढून आतनंबी धुतला. मीठ ऱ्हाऊ नये म्हटलं. आन् गार पाणी नगं म्हणालतास न्हवं, म्हणून चिंच घालून ऊन पाण्यात ठेवलता. तेलबी सोडलंय आत वाईच."

देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी ती अशीच चिंचेनं उजळते. ज्या वस्तूच्या भरवशावर पोरगा पाण्याखाली श्वास घेतो, ती तिनं देवाच्या भांड्यासारखी घासली होती, आणि देवाच्या भांड्याला आत-बाहेर वेगळं नसतं. पाण्यात राहणाऱ्या या वस्तूच्या आत मात्र पाण्याचा थेंब जायला नको, हे तिला कुणी वेगळं उलगडून सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असं कुणाला सुचलंही नव्हतं.

अण्णानं टोपण उचललं, शर्टाला पुसलं आणि बसवलं. नंतर म्हणाला, "बरं केलंस."

आईचा चेहरा मला अजून आठवतो. ती इतकी समाधानी होती की मला काहीतरी बिघडलंय हे कळायलाही वेळ लागला. अण्णा घरामागच्या परड्यात जाऊन फोनवर बोलत होता तेव्हा मी मागं गेले. त्यानं फोन ठेवला आणि एवढंच सांगितलं, "आईला काय बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी तो ठरल्याप्रमाणं निघाला. गोव्यात त्यानं रेग्युलेटर दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेतला. धातूला काही झालं नव्हतं, नव्यासारखा होता. पण आतली रबरं तेलानं फुगली होती, पडद्याखाली चिंचेचं पाणी गेलं होतं, गाळणीत कुंकू अडकलं होतं. धुऊन काढता आलं असतं, पण रबरं आणि हवा अडवणारी आतली बैठक बदलल्याशिवाय तो माणूस खात्री द्यायला तयार नव्हता. त्या प्रकारचा रेग्युलेटर कंपनीनं केव्हाच बंद केला होता, त्याचे सुटे भाग कुठं मिळेनात. मालक थांबू शकत नव्हता. तो दुसऱ्या दोघांना घेऊन डोंगरात गेला.

घरी अण्णानं सांगितलं की काम रद्द झालं. तो मोसम त्यानं बोटीवर काढला आणि पुढच्या पावसाळ्यात आला तो परत गेलाच नाही. आता तो बेळगावजवळ मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथवर आहे. कधी सुट्टीच्या दिवशी माझ्या खोलीवर येतो, खालच्या गाड्यावर आम्ही चहा पितो. एकदा मी विचारलं की दुसरीकडून भाग मागवून बघायचे का, मी इंटरनेटवर शोधते. तो म्हणाला, शोध की. मी बरेच दिवस शोधले. तसल्या जुन्या रेग्युलेटरचे फोटो सापडले, भाग सापडले नाहीत. त्यानंही परत विचारलं नाही.

मला कधी कधी वाटतं, आईला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. ती रडली असती, पण तिला खरं तरी कळलं असतं. आता ती शेजारणींना सांगते की पोरगं लांब जायचं होतं, देवानं जवळ ठेवलं. ते ऐकताना अण्णा मान खाली घालून जेवत असतो. त्याच्या गप्प राहण्याला मी मोठेपणा म्हणू की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही. मीही गप्पच आहे.

यंदाच्या खंडेनवमीला आईनं पातेल्यात पाणी ऊन करून चिंच कोळली. अण्णानं कपाटातून रेग्युलेटर काढला आणि टोपण स्वतःच फिरवून काढून तो तिच्या हातात दिला. तिनं तो पाण्यात बुडवला. थोडे बुडबुडे वर आले. अण्णा ते विरेपर्यंत बघत उभा राहिला.

"बघ की," आई म्हणाली, "एवढी वर्सं झाली, जरा गंज न्हाय. परत कधी लागंल रं ह्यो?"

"लागंल की," अण्णा म्हणाला आणि कोयत्याला धार लावायला बाहेर गेला.