सातची मालिका

आमच्या हिला सातची मालिका चुकलेली चालत नाही. काल मात्र तिनं मालिका ऐन रंगात असताना टीव्ही स्वतःच्या हातानं बंद केला, आणि मी बघतच राहिलो.

त्याचं असं झालं. अमेरिकेतल्या लेकीचा फोन संध्याकाळी सहाला येतो. तिकडं तेव्हा सकाळ असते; नात शाळेला निघण्याआधी फोनवर तोंड दाखवून चार शब्द बोलते. काल सहाला फोन आलाच नाही. आम्ही दोघं फोन पुढ्यात ठेवून बसलो. सातला मालिका लागली, आणि थोड्या वेळात फोनही वाजला.

"एवढा उशीर का गं?" मी ओरडलोच.

"उशीर कुठं, आबा?" लेक म्हणाली. "थंडीत इथं सगळी घड्याळं एक तास मागं घेतात. आमची वेळ तीच, तुमच्याकडं मात्र सात वाजतात."

मला हे पटत नाही. माझी गाय घड्याळ बघून पान्हा सोडत नाही, आणि दिवसही कुणाच्या हुकमानं मावळत नाही. पण त्या एका तासात आमच्या जिवाचं पाणी झालं, हे खरं.

"आता फोन सातलाच यायचा. तुझ्या मालिकेचं काय?" मी हिला डिवचलं.

"ती उद्या दुपारी परत दाखवतात. नात परत दाखवतात होय?"

असं म्हणून नातीला नीट दिसावं म्हणून ही पदर सारखा करत उजेडात सरकली. मग मीही सरकलो.