बाहुल्याच्या अंगातला शर्ट

लग्न पाहावं करून नि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी दोन्ही केलं आणि दोन्ही वेळा धावपळ केली ती माझ्या थोरल्या भावानं. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणारा, नोकरीवाला. घर बांधलं कुरखेड्याकडच्या आमच्या गावी, भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. महिन्यातून दोनदा मी जायचो, मालकाच्या थाटात चार चुका काढायचो आणि परत फिरायचो. बाहेरच्या प्लास्टरला सकाळ-संध्याकाळ पाणी भावानं मारलं. आधी माझ्या भिंती भिजवायचा, मग स्वतःच्या धानाच्या बांधीकडे जायचा.

बाहेरून रंग द्यायची वेळ आली, तेव्हा मला फार चेव आला होता. घर आतून कसं का असेना, रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबून बघितलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डाळिंबी रंग, त्याला पांढऱ्या पट्ट्या. तो बघायला म्हणून ऑफिसातल्या दोघांना मी मुद्दाम गाडीत घालून गावी आणलं. समोरची अर्धी भिंत रंगून झाली होती आणि दोघं तोंडभरून कौतुक करत होते.

पेंटर बाजूच्या गावचा, भावाच्याच वयाचा. नव्या घराला रंग चढू लागला की आमच्याकडे नजरेचं बाहुलं टांगतात. तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं अंग, मडक्याचं डोकं, त्यावर चुन्यानं काढलेले डोळे. सगळी तयारी त्यानं केली होती.

"एखांदा जुना शर्ट द्या जी," तो मला म्हणाला. "तनसाले आंगात घालाले पाह्यजे ना."

परांचीच्या बांबूला एक शर्ट लटकत होता. मी लगेच ओळखला. माझाच होता तो. खिशाखाली शाईचा डाग पडला म्हणून मी टाकून दिलेला. तीन वर्षांपूर्वी जुन्या कपड्यांचं गाठोडं वहिनीला देताना मी म्हटलं होतं, पुसायला होतील. इथेही कोणीतरी ब्रश पुसायलाच आणला असणार.

"तो घ्या," मी म्हणालो.

पेंटर जरा थांबला. "हा भाऊचा तं नोहे?"

"माझाच आहे. घाला."

अर्ध्या तासात बाहुलं स्लॅबच्या कोपऱ्याला टांगलं गेलं. मी त्याच्यासकट घराचे फोटो काढले.

मग भाऊ घरामागून आला. तिकडे टाकीत पाणी भरत होता. अंगात बनियन, पाय चिखलानं भरलेले. तो बांबूजवळ गेला, इकडे तिकडे पाहिलं.

"माहा शर्ट कुठी गेला?"

मग त्यानं वर पाहिलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. मी पोतेरं म्हणून दिलेला शर्ट माझा भाऊ बाहेर जायला घालत होता. आणि हे ऑफिसातल्या त्या दोघांसमोर उघड होणार होतं. एवढ्या दिमाखदार घराच्या मालकाचा सख्खा भाऊ त्याचे टाकलेले कपडे वापरतो! मला भावाची लाज वाटली. लिहिताना हात अडतो, पण तेच खरं आहे. स्वतःची लाज नंतर वाटली.

"पेंटरनं घेतला असेल," मी म्हणालो.

पेंटरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भाऊही माझ्याकडे पाहत होता, जरा जास्तच वेळ. मग तो पेंटरकडे वळला.

"काऊन जी, लोकायचा कपडा इचारल्याबगर घेत असतेत का?"

"चुकलं भाऊ," पेंटर म्हणाला.

तो शर्ट उतरवायला शिडीकडे निघाला, तर भावानंच अडवलं. रंग पुरा होईस्तोवर टांगलेलं बाहुलं उतरवत नाहीत. भावानं दुपट्टा खांद्यावर घेतला आणि तसाच भररस्त्यानं घरी गेला.

रात्री जेवायला वाढताना वहिनी सहज बोलून गेली, "लग्न असो का बँक असो, तोच शर्ट घालून जायचे. लहान्यानं देल्ला म्हनत." भाऊ खाली मान घालून जेवत होता. मी ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठलो.

रंग संपेपर्यंत पंधरा दिवस गेले. घराचे फोटो मी नातेवाइकांना पाठवले. प्रत्येक फोटोतला तो कोपरा कापून पाठवला.

वास्तुपूजनाला भावासाठी नवा शर्ट आणला. त्यानं तो घडीच्या खुणांसकट घातला, दिवसभर पंगती वाढल्या. काम केलेल्या सगळ्यांना शेला-नारळ दिला. पेंटर आला नव्हता. त्याचा शेला-नारळ मीच पोचवतो, असं म्हणत भाऊ सायकल घेऊन गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. ऊर्जानगरला ड्युटीवर असताना, बसमध्ये, कुठेही तो माणूस आठवायचा. माझ्या शब्दाखातर त्यानं चोरीचा आळ गिळला होता. शेवटी दिवाळीला गावी गेलो तेव्हा मनाचा हिय्या करून त्याच्या घरी गेलो. अंगणात तो ब्रश धूत बसला होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. माफ करा."

तो हसला, बाज पुढे सरकवली.

"आता काऊन जी? तुमी तवाच तं भाऊले धाडलं होतं ना? शेला घेऊन आले, हात जोडले. म्हने, लहान्याची चूक झाली, त्याले याची लाज वाटून राह्यली, म्हनून त्यानं मले धाडलं. मी तं कोनाले काईच नवतो बोल्लो. तुमीच सांगतलं असन त्यायले."

मी भावाला काहीच सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

पेंटर माझ्या तोंडाकडे पाहत होता. खरं सांगितलं असतं तर माझा भाऊ त्याच्यापुढे खोटा पडला असता, असं मी स्वतःला अजूनही समजावतो.

"हो," मी म्हणालो, "मीच धाडलं होतं."