बुर्साचं लोणी

बायकोनं लोणी कढवायला ठेवलं आणि आमच्या भोसरीच्या खोलीत बुर्सा दरवळलं. तुर्कस्तानातलं ते जुनं शहर. तिथल्या एका कारखान्यातली चालती प्रेस मशीन आमच्या चाकणच्या कंपनीनं विकत घेतली, तेव्हा ती चालवायला शिकायला मला तिकडं धाडलं होतं.

मला शिकवणारा ऑपरेटर मेहमेत शेवटच्या दिवशी जुन्या बाजारात जेवायला घेऊन गेला. पावाच्या तुकड्यांवर मटणाचे पातळ काप, शेजारी घट्ट दही, आणि वाढप्यानं वरून चर्र आवाज करत ओतलेलं कढत लोणी. मी बोटं चाटत होतो. मेहमेतनं मात्र घासही घेतला नाही.

"भूक नाही म्हणतोय," दुभाष्यानं सांगितलं.

मशीनबरोबर मेहमेतचं कामही गेलं. मी इकडं येऊन सांगत सुटलो, "काय पाहुणचार केला, राव!"

आता तीच मशीन चाकणहून परराज्यात चाललीय. ती शिकायला आलेले दोघं बाहेर बसलेत. वर साहेबांचा हुकूम, "भाऊ, घरचं मटण खाऊ घाला त्यांना, खूश होतील."

भाकरीवर कढत तूप ओतत बायकोनं विचारलं, "अहो, तुमचंही ताट वाढू ना?"

"नको," मी म्हणालो, "भूक नाही."