मालगुजाराच्या ओसरीवरचा इतिहास

स्वातंत्र्याला वर्ष होत आलं होतं, तरी गोरेगावपलीकडच्या जंगलपट्टीतल्या आमच्या शाळेत इतिहासाचं पुस्तक जुनंच होतं. शेवटचा धडा इंग्रजी राज्याच्या फायद्यांचा: रेल्वे, टपाल, शांतता. हेडमास्तर म्हणाले, त्या पानांवर कोरे कागद चिकटवा. मी नागपुरात शिकून नुकताच आलेलो, शिंगं फुटलेली. म्हणालो, "झाकायचं कशाला? मुलांना वाचू द्या, आणि खरं काय ते घरी विचारू द्या."

"पोराइले विचारायले शिकवसान," ते म्हणाले, "पर उत्तर कोनाच्या अंगनात जाऊन पडन, ते पाहिलं का?"

भित्रा म्हातारा, असं मी मनात म्हणालो. शाळा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीवर भरते हे मला ठाऊक होतं. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही, एवढंच.

मुलांना सांगितलं, इंग्रज साहेब शिकारीला यायचा तेव्हा तुमच्या घरचं कोण बेगारीत गेलं, ते विचारून या. दुसऱ्या दिवशी कुणाचा आजा सामान वाहणारा निघाला, कुणाचा हाक्यात, वाघ उठवायला, डबे वाजवणारा. मग चौथीतली एक मुलगी उभी राहिली. आवाज खणखणीत.

"माह्या आज्याले हाक्यात वाघानं मारलं. मालगुजारानं कागदावर लिहून देल्लं, तापानं मेला. आजीले पोतंभर धान देल्लं अन् चूप राह्य म्हनलं."

आत अडकित्त्याचा आवाज चालला होता, तो थांबला. मालगुजार दारात आले. हसत होते.

"हुशार आहे. कोनाची पोरगी वो तू?"

तिनं बापाचं नाव सांगितलं. "बरं, बरं," म्हणत ते आत गेले. अडकित्ता पुन्हा सुरू झाला. तो बाप त्यांचीच जमीन अधियानं, म्हणजे निम्म्या वाट्यानं करत होता.

आठ दिवस काहीच झालं नाही. मालगुजार वाटेत भेटले की स्वतः आधी रामराम करायचे. त्या रामरामाची मला रावणापेक्षा जास्त भीती वाटू लागली. मग धानाची रोवणी लागली. मुलीच्या बापाच्या बांधीत, त्याच्या धानाच्या तुकड्यात, एका सकाळी मालगुजाराचे गडी चिखल करताना दिसले; अधिया मोडला होता. त्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही.

मी तिच्या घरी धावलो. बाप बंडीत भांडी रचत होता. बोदलकशाकडे सासुरवाडी होती, तिकडे निघाले होते. मालगुजारांशी बोलतो, माझीच चूक झाली, असं काहीबाही मी बोलत राहिलो. त्यानं हात थांबवला नाही.

"खोटं नाही बोलली पोरगी. पर आमी ते इतके वर्सं घरात ठेवलं होतं, गुरुजी. तुमी कायले मांगतलं?"

मुलगी भांड्यांच्या मधे बसली होती. तिनं विचारलं, "गुरुजी, माहं उत्तर चुकलं का?"

"नाही," मी तिच्याकडे पाहत म्हणालो. पण तिच्या बापाकडे पाहून मला ते म्हणता आलं नाही.